घरपोच किराणा मागवण्यास सुरुवात करताना

महिन्याचा सगळा किराणा पहिल्याच वेळी मोबाइलवरून मागवू नका, असे मी आपणास आवर्जून सांगेन. साबण, चहा, तेल अशा बंद पाकिटातील वस्तूंपासून सुरुवात करावी आणि दर किलो वा लिटरमागे पाहावा, कारण ९०० ग्रॅमचे पाकीट पुष्कळदा किलोच्या पाकिटासारखेच दिसते. उत्पादनाचा महिना व वर्ष संकेतस्थळावर दाखवण्याचे बंधन आवेष्टित वस्तूंच्या नियमांत नाही. म्हणून सामान हाती येताच पाकिटावरील तारीख तपासावी आणि काही खटकल्यास लगेच छायाचित्र काढून ठेवावे. विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ज्वारीबाबत मात्र माझा आग्रह वेगळा आहे. भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी आपल्याच सोलापूर जिल्ह्यात पिकत असताना तयार पिठाची पाकिटे मागवू नयेत. रब्बीची काढणी झाल्यावर दाणा हातावर घेऊन, टपोरा आणि कीड नसलेला पाहून वर्षाची ज्वारी भरावी व आठवड्यापुरतीच गिरणीतून दळून आणावी, कारण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. तयार पिठामुळे गिरणीची फेरी वाचते हे खरे, पण ती बचत मला पटत नाही.

मागणी एकाच्याच मोबाइलवरून जाऊ लागली की डब्यांत काय शिल्लक आहे हे बाकीच्यांना कळेनासे होते. त्यासाठी स्वयंपाकघरात यादी लावावी, तीत घरातील वडीलधाऱ्यांनीही लिहावे, आणि मागणी आठवड्यातून एकदाच नोंदवावी.