डिझेल आटलं तर आपल्याकडं काय होईल?

प्रश्न: साहेब, घरी ट्रॅक्टर आहे. तेलाची टंचाई येणार म्हणून टीव्हीवर बोंब होते अन् मग सगळे विसरून जातात. सरकारनं आधीच तयारी करावी हे सांगायचं कोणाला? - एक शेतकरी, गेवराई

उत्तर: भाऊ, प्रश्न लई बरोबर आहे. आपला देश 85 टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, अन् 1973 ला अरब देशांनी हात आखडता घेतला तेव्हा काही महिन्यांत भाव चौपट झाले होते. विशाखापट्टणम, मंगळूर, पादूरला जमिनीखाली सरकारी साठा आहे, पण तिन्ही टाक्या काठोकाठ भरल्या तरी देशाला जेमतेम नऊ-दहा दिवस पुरतील, कंपन्यांकडचं तेल वेगळं. आता आपल्याकडं बघा, नांगरट डिझेलवर, ऊस कारखान्याला जातो डिझेलवर, टँकर डिझेलवर, म्हणजे दुष्काळ अन् तेलटंचाई एकाच उन्हाळ्यात आली तर गावात पाणी कशानं येणार? 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते रूळ होते म्हणून, अन् बीडला रेल्वे यायला 2025 उजाडलं! विजेच्या गाड्या घ्या म्हणणाऱ्यांनी आधी तालुक्याचं लोडशेडिंग बघावं.

म्हणून नुसती सबसिडी मागू नका. ग्रामसभेत ठराव घ्या अन् जिल्हा नियोजन समितीकडं पाठवा, अध्यक्ष पालकमंत्रीच असतात. त्यात लिहा की टंचाईत पहिलं डिझेल टँकर, अँब्युलन्स अन् पेरणीला, पाणीपुरवठ्याचे पंप सोलरवर, अन् एसटीच्या फेऱ्या वाढवा. आमदारांना कॉपी द्या, पोच मात्र घ्याच.