आंतिग्वा कोणती, ग्वाटेमालाची की वेस्ट इंडीजची?

प्रश्न असा आहे: 'ग्वाटेमालाची जुनी राजधानी अँटिग्वा' असे एका प्रवासवर्णनात वाचले. अँटिग्वा तर व्हिव्हियन रिचर्ड्‌सचे बेट. मग लेखकाची गल्लत झाली का?

गल्लत नाही. ठिकाणे दोन आहेत, शब्द एकच. 'आंतिग्वा' हे स्पॅनिश विशेषण आहे, अर्थ 'जुनी, पुरातन'. कोलंबसाने १४९३ मध्ये बेटाला नाव दिले ते सेव्हियाच्या कॅथेड्रलमधल्या 'सांता मारिया दे ला आंतिग्वा' या मेरीमातेच्या प्रतिमेवरून. म्हणजे तिथे जुनेपण त्या प्रतिमेचे, बेटाचे नव्हे. ग्वाटेमालातली आंतिग्वा मात्र खुद्द जुनी राजधानी, पूर्ण नाव 'आंतिग्वा ग्वातेमाला'.

आणि ही काही पहिली राजधानी नव्हे. स्पॅनिश सेनानी पेद्रो दे आल्वारादोने १५२४ मध्ये काकचिकेल या स्थानिक माया लोकांच्या इशिमचे या राजधानीत 'सांतियागो' नावाने स्पॅनिश शहर स्थापले. काकचिकेलांनी उठाव केल्यावर तिथे टिकणे अवघड झाले, तेव्हा १५२७ मध्ये शहर आग्वा ज्वालामुखीच्या पायथ्याशी आल्मोलोंगा खोऱ्यात हलले. १५४१ च्या सप्टेंबरात मुसळधार पावसाने डोंगरावरून चिखल आणि दगडांचा लोंढा खाली आला आणि शहर गाडले गेले. आल्वारादोची विधवा, नुकतीच गव्हर्नर झालेली बेआत्रिस दे ला कुएवा, त्यातच मरण पावली. तो भाग आज 'सिउदाद विएखा' म्हणून ओळखला जातो. याचाही अर्थ 'जुने शहर'!

१५४३ पासून पान्चोय खोऱ्यात तिसरे सांतियागो वसले. तीच आजची आंतिग्वा. २९ जुलै १७७३ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले. गव्हर्नर मायोर्गा याला स्थलांतर हवे होते, आर्चबिशप कोर्तेस इ लारास याचा कडवा विरोध होता. विरोधकांना 'तेर्रोनिस्तास' हे नाव पडले. 'तेर्रोन' म्हणजे मातीचे ढेकूळ. पडझड झालेल्या आपल्या मातीला धरून राहिलेले लोक, असा त्याचा रोख. मला या साऱ्या इतिहासातला हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. त्या लोकांचे म्हणणे मान्य झाले नाही, तरी सगळे गाव रिकामे झाले नाही, म्हणून तर आंतिग्वा आजही नांदते आहे. १७७६ मध्ये एर्मिता खोऱ्यात 'नुएवा ग्वातेमाला दे ला आसुन्सिओन', म्हणजे नवी ग्वाटेमाला, आजची ग्वाटेमाला सिटी, ही राजधानी झाली.

नवी झाली, तेव्हाच मागची 'जुनी' ठरली. आपल्याकडे पणजीला पोर्तुगीजांनी 'नोव्हा गोवा' म्हटले आणि १८४३ मध्ये अधिकृत राजधानी केले. मागचे शहर 'जुने गोवे' म्हणूनच आपल्या तोंडी आहे. दोन्हीकडे जुने-नवे हे नात्याचे शब्द आहेत, वयाचे नव्हेत. जुन्या ग्वाटेमालाहून सिउदाद विएखा जुनी, आणि इशिमचे तिच्याहूनही.

मराठीत लिहायचे कसे? देशाचे 'ग्वाटेमाला' हे रूप रुळले आहे, ते बदलू नये. राजधानीला 'ग्वाटेमाला सिटी' म्हणावे, नुसते 'ग्वाटेमाला' लिहिले तर देश की शहर हे कळत नाही. जुन्या राजधानीला 'आंतिग्वा' लिहावे. बेटाचे नाव आपल्या वृत्तपत्रांत इंग्रजीच्या वाटेने 'अँटिग्वा' असे आले आहे, ते तसेच राहू द्यावे. त्या प्रवासवर्णनात लेखकाने 'आंतिग्वा' लिहिले असते, तर हा गोंधळ झालाच नसता.