नाटक की इतिहास? एका आईच्या पत्राला उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे की, बारावीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला नाटक आणि इतिहास या दोन्हींची सारखीच ओढ आहे. एका ऐतिहासिक नाट्यगृहात तेथील कलावंताने सहलीला आलेल्या मुलांना त्या वास्तूचा इतिहास अभिनयातून उलगडून दाखवला, तेव्हापासून ‘मला हेच करायचे आहे’ असे ती म्हणते. घरच्यांचा आग्रह मात्र दोन्हींपैकी एकच धरावे असा आहे. माझे मत स्पष्ट सांगतो. तिने पाहिले ते काम खरे आहे, आणि ते दोन्ही विषय येणाऱ्या माणसालाच नीट जमते.

वॉशिंग्टनमधील फोर्ड्स थिएटरचे उदाहरण घ्या. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती तेथे, नाटक चालू असताना. मारेकरी जॉन विल्क्स बूथ स्वतः नट होता आणि ते विनोदी नाटक त्याला चांगले ठाऊक होते. कोणत्या वाक्याला हमखास हशा पिकतो आणि त्या वेळी रंगमंचावर एकच नट उरलेला असतो, हे जाणून त्याने तो क्षण साधला. हे पुस्तकात वाचले तर एक ओळ होते. तेच वाक्य मुलांसमोर म्हटले, हशा ओसरेपर्यंत थांबले आणि मग ‘या गलक्यात गोळीचा आवाज कोणाच्या लक्षात आला असता?’ असे विचारले, तर मुले स्वतःच साक्षीदारांच्या जबान्या तपासू लागतात. नटाला ठाऊक असलेली गोष्ट येथे इतिहासाचा पुरावा समजून घ्यायला उपयोगी पडते.

त्याच वास्तूत दुसरा धडाही आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. हत्येनंतर सरकारने ती इमारत घेतली, तेथे कचेऱ्या थाटल्या, १८९३ मध्ये आतील मजले कोसळून २२ जणांचा बळी गेला, आणि १९६८ पासून तेथे पुन्हा नाटके होऊ लागली. आज दिसणारे प्रेक्षागृह हे जुन्या छायाचित्रांच्या व आराखड्यांच्या आधारे नव्याने उभारलेले आहे. ‘लिंकन येथेच बसले होते’ असे भारावून सांगणे सोपे असते. यातले मूळ किती आणि पुनर्रचना किती, हे प्रेक्षकांचा रस न घालवता सांगणे कठीण असते आणि ते प्रशिक्षणानेच येते.

अभिनयाखेरीजही अशा ठिकाणी बरेच काम असते. स्वीडनमधील ड्रॉटनिंगहोम येथील १७६६ सालचे राजनाट्यगृह दीर्घकाळ विस्मरणात गेले होते. १९२१ मध्ये आग्ने बेइयर या अभ्यासकाला ते त्यातील पडद्यांसह आणि लाकडी यंत्रणेसह सापडले. दगड भरलेली लाकडी पेटी हलवून ढगांचा गडगडाट तेथे आजही काढता येतो. अशी यंत्रणा जपणे, चालवणे, तिच्या नोंदी ठेवणे आणि विद्यार्थ्यांना ती समजावून सांगणे, यासाठी माणसे लागतात.

शिक्षणाचा क्रम विचाराल तर पदवी इतिहासाची घ्यावी, त्या काळात नाट्यसंस्थेत नियमित काम करावे, आणि पदव्युत्तर स्तरावर संग्रहालयशास्त्र किंवा नाट्यशिक्षण निवडावे. रंगमंचावरचा सराव पदवीबरोबर चालू ठेवता येतो. दस्तऐवज वाचण्याची, त्यावर शंका घेण्याची शिस्त मात्र पुढे कामाच्या धावपळीत क्वचितच अंगी बाणते, असे माझे मत आहे. हेही लपवत नाही की या क्षेत्रात कायम नोकऱ्या थोड्या असतात आणि पुष्कळसे काम हंगामी किंवा कराराने मिळते. म्हणून अध्यापनाची पात्रता हाताशी असलेली बरी.

निर्णयापूर्वी तिला एक काम द्या. एखाद्या जुन्या नाट्यगृहात घडलेला प्रसंग तिने निवडावा, त्या काळची वर्तमानपत्रे, जाहिराती आणि आठवणी शोधाव्यात, आणि दहा मिनिटांचे सादरीकरण लिहावे. मग प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी: पुरावा असेल तेथे निळी, कल्पना असेल तेथे लाल. सादर करण्यात ती रमेल याची मला शंका नाही. रेघा ओढताना ती कंटाळते की अधिक खोल शिरते, हे आपण शेजारी बसून पाहा आणि मला कळवा.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक