‘छान उपक्रम आहे, मॅडम!’

प्रश्न : आम्ही तिघं मित्र पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाचं मराठी ॲप बनवलंय, पाचवी आणि आठवीसाठी. विद्यापीठाच्या इनक्युबेशन सेंटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्राच्या, सहा महिन्यांच्या कार्यक्रमात निवड झाली. जागा, इंटरनेट, सर्व्हरचा खर्च आणि एक मेंटॉर मिळाले. आजवर १,९०० डाउनलोड झालेत. पंधरा जिल्हा परिषद शाळांत जाऊन दाखवलं, सगळीकडे कौतुक झालं. पण महिना ४९ रुपये लावले तर फक्त अकरा जणांनी भरले, त्यात दोन आमचेच मामा. दोन महिन्यांवर डेमो डे आहे, म्हणजे परीक्षकांसमोर सादरीकरण. मेंटॉर म्हणतात, मराठीचं मार्केट लहान, इंग्रजीत करा आणि देशभर जा. सेंटरला कंपनीत ४ टक्के हिस्सा हवाय. शिवाय आमच्यातल्या एकाला कॅम्पसमधून नोकरी लागलीय. तो म्हणतो, शनिवार-रविवार काम करेन, पण तिघांचे भाग समान ठेवू. काय करावं? (गावाचं आणि विद्यापीठाचं नाव छापू नये.)
– तिघं मित्र

उत्तर : आधी दोन्ही मामांना माझा नमस्कार सांगा. आणि उरलेले नऊ कोण? पत्रात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. खिशातून पैसे काढणारी परकी माणसं तेवढीच, आणि त्यांचीच चौकशी राहून गेली. आज संध्याकाळी नऊच्या नऊ जणांना फोन लावा. पैसे का भरले असं विचारू नका, ‘मुलाच्या अभ्यासासाठी’ यापलीकडे काही हाती लागणार नाही. ॲप शेवटचं कधी उघडलं, फोन घरात कुणाचा, पोराच्या हातात किती वेळ राहिला, मध्ये कुणाचा कॉल आला का, हे विचारा. बऱ्याच घरांत फोन बाबांचा असतो. बाबा घरी येतात रात्री आठला, आणि दिवसाचा डेटा त्यांनी रील बघून आधीच संपवलेला असतो.

आता पंधरा शाळांतल्या कौतुकाबद्दल. साताऱ्याकडच्या जिल्हा परिषद शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. मग नोकरी सोडली आणि मैत्रिणीबरोबर पाठांची ॲनिमेशन पेन ड्राइव्हवर देणारी कंपनी काढली. ६२ शाळा पायाखाली घातल्या. प्रत्येक मुख्याध्यापकांनी चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला येऊन म्हणाले, ‘छान उपक्रम आहे, मॅडम.’ काहींनी शाळेच्या लेटरहेडवर तसं लिहूनही दिलं. शिक्षण खात्यात ‘उपक्रम’ या शब्दाचा अर्थ काय ते मी स्वतः मास्तरीण असून विसरले होते. ज्याचा फोटो काढून वर पाठवतात आणि ज्याचे पैसे कुणीच देत नाही, तो उपक्रम. तिसऱ्या वर्षी कंपनी बंद केली, तेव्हा माझ्याकडे असल्या पत्रांची एक जाडजूड फाइल होती आणि छपाईवाल्याची उधारी. त्यामुळे तुमच्या पंधरा शाळा मी हिशेबातच धरत नाही. रागावू नका.

तुमची अडचण मराठी ही नाही. शाळेच्या धंद्यात वापरणारा एक, ठरवणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असतो. वापरतं पोर, ठरवतात गुरुजी, पैसे देतात आईबाप. तुम्ही ॲप केलंत पोरासाठी, दाखवलंत गुरुजींना आणि पैसे मागितलेत आईबापांकडे, तेही फोनवर, एकेकट्याकडे. गुरुजींच्या डोक्यावरचं ओझं त्यानं एका छटाकानंही कमी झालं नाही. मग ते ‘छान’ म्हणतील, दुसरं काय म्हणतील?

ते ओझं कुठलं, ते सांगते. मागच्या जानेवारीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या वर्गात दुपारभर बसले होते. ३८ मुलं, शिष्यवृत्तीचा सराव पेपर, ७५ प्रश्न. मुलं पेनानं वर्तुळं रंगवत होती. खिडकीजवळची एक मुलगी रेघ बाहेर जाऊ नये म्हणून जीभ दातांत धरून बसलेली, एकेका वर्तुळाला अर्धा मिनिट. वेळ संपली तेव्हा तिचे एकोणीस प्रश्न राहिले होते, आणि त्यातले बरेचसे तिला येत होते. हे तुमच्या ॲपमध्ये कळणार नाही, कारण तिथे बोट टेकवलं की उत्तर झालं. पेपर गोळा झाल्यावर गुरुजींनी पिशवीतून एक उत्तरपत्रिका काढली. बरोबर उत्तरांच्या जागी तिला सुईनं भोकं पाडलेली. ती एकेका कागदावर ठेवून ते मोजायला लागले. ३८ गुणिले ७५ म्हणजे २,८५० वर्तुळं. दुसरा पेपर धरला तर ५,७००. हे सगळं घरी, जेवणानंतर, आणि परीक्षा जवळ आली की आठवड्यातून दोनदा. बुद्धिमत्तेचा कुठला प्रश्न वर्गात जास्त जणांचा चुकला, हे त्यांना मनापासून हवं असतं. पण ते काढायला रात्र पुरत नाही.

तर पोरांनो, सराव विकू नका, तपासणी विका. कागदाचा पेपर, कागदाचीच वर्तुळं, आणि गुरुजींच्या फोनचा कॅमेरा. कॅमेऱ्यानं वर्तुळं वाचणं ही काही नवी विद्या नाही, शेवटच्या वर्षाच्या पोरांना तर नाहीच. कस लागेल तो वेगळ्या ठिकाणी. कागद चुरगळलेला असेल, वर्गात उजेड कमी असेल, एखाद्यानं वर्तुळाऐवजी बरोबरची खूण केलेली असेल. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. तुमच्या ॲपमध्ये दोन पर्याय निवडता येतात का? मी उतरवून पाहिलं, येत नाहीत. एवढ्यावरून कुठलाही शिष्यवृत्तीचा शिक्षक ओळखेल की ही मंडळी वर्गात बसलेली नाहीत.

आणि पैसे? ते आधीपासून फिरताहेत. सराव प्रश्नपत्रिकांचे संच पालक दर वर्षी घेतातच, कुरकुर न करता. तुमचा छापील संच त्याच किमतीच्या आसपास ठेवा आणि तपासणी त्याच्यासोबत द्या. खासगी क्लासवाल्यांकडे आधी जा, तिथे ठरवणारा आणि पैसे देणारा एकच असतो, आठवड्यात हो की नाही कळतं. जिल्हा परिषद शाळेत शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांसमोर मांडा, घ्यायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. गुरुजींना संचामागे कमिशन देण्याचा मोह कुणी घातला तर तिथूनच मागे फिरा. तो माणूस सरकारी नोकर आहे, अडचणीत तो येईल आणि तालुकाभर नाव तुमचं खराब होईल.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळे तंत्रज्ञान-तंत्रज्ञान करत होते. मला त्यातली आवडलेली गोष्ट वेगळी. त्यांनी क्यूआर कोड चिकटवले ते मुलांच्या दप्तरात रोज असणाऱ्या पुस्तकातच. तुम्हीही रोजच्या कागदालाच धरून राहा.

एक धोक्याची घंटा मात्र वाजवते. ही परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, मग पाचवी-आठवीला नेली, आणि २०२५ मध्ये सरकारनं ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळवली. तुमचे पाचवीचे हजारो प्रश्न एका शासननिर्णयानं जुने होतात. तपासणीचं यंत्र होत नाही. नवोदयची प्रवेश परीक्षा घ्या, आठवीची एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या, वर्तुळं सगळीकडे वर्तुळंच.

मेंटॉरसाहेब चुकीचं बोलतात असं मी म्हणणार नाही, ते दुसऱ्याच धंद्याबद्दल बोलताहेत. इंग्रजीत देशभर जायचं तर जाहिरातीला पोत्यानं पैसा लागतो, आणि पोत्यानं पैसा असूनही काय होतं ते आपण पाहिलं. २०२२ साली २२ अब्ज डॉलर किंमत लावलेली ऑनलाइन शिकवणीची कंपनी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तुमच्याकडे आहे तीन लॅपटॉप आणि एक स्प्लेंडर. त्या गाडीवर जितक्या शाळा होतात तितक्या करा. डेमो डेला १,९०० चा आकडा मोठ्या अक्षरांत लावू नका. परीक्षकांत एखादा जरी शहाणा असला तरी विचारेल, ‘यातले काल किती जणांनी उघडलं?’ त्याऐवजी एका वर्गाचे कागद घ्या. हातानं तपासायला किती वेळ लागला आणि फोननं किती, दोन्ही घड्याळ लावून मोजा आणि तेवढंच दाखवा. ते गुरुजी यायला तयार असतील तर त्यांनाच बोलू द्या, तुम्ही बाजूला उभे राहा.

४ टक्क्यांचं फार मनावर घेऊ नका. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९ च्या विद्यार्थी-प्राध्यापक स्टार्टअप धोरणात संस्था सेवांच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते असं म्हटलंय, तुमचा आकडा त्यात बसतो. भांडायचं ते आकड्यावर नाही, कागदावर. सहा महिन्यांनंतर जागा राहणार का, सर्व्हरचा खर्च किती दिवस, कंपनी सुरूच झाली नाही तर काय, आणि तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम कुणाच्या मालकीचा, हे लिहून घ्या. आणि कंपनी नोंदवायची घाई नको. नव्या कंपन्यांना सुरुवातीचे पैसे देणारी केंद्राची सीड फंड योजना २०२१ साली आली, तिच्यात अर्ज करताना कंपनी दोन वर्षांहून जुनी नसावी अशी अट होती. असल्या अटींत तुमचं घड्याळ नोंदणीच्या दिवसापासून चालू होतं. नुसत्या व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’ छापायला म्हणून वर्ष घालवलेली पोरं मी पाहिलीत.

आता तिसरा मित्र. त्याच्या नोकरीबद्दल त्याला अपराधी वाटू देऊ नका, घरची परिस्थिती प्रत्येकाची वेगळी. पण समान भाग नाही. आजवर त्यानं जे केलं त्याचा ठरावीक हिस्सा त्याला द्या, आणि पुढचा हिस्सा तिघांनीही कामाप्रमाणे कमवायचा. याला व्हेस्टिंग म्हणतात. साधारण चार वर्षांत हप्त्याहप्त्यानं भाग नावावर होतात आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत जो जाईल त्याला त्यातलं काही मिळत नाही. हे तुम्हा दोघांनाही लागू, नाहीतर त्याला वाटेल नियम त्याच्यासाठीच काढला. चहाच्या टपरीवर नको, एका जागी बसून, लिहून, तिघांच्या सह्या. माझी आणि मैत्रिणीची सही नव्हती. आज आम्ही एकमेकींच्या मुलांच्या लग्नाला गेलो तरी लांबच्या टेबलावर बसतो.

जाता जाता दोन गोष्टी. ॲपमध्ये बालभारतीच्या कविता जशाच्या तशा घातल्यात, त्याला परवानगी लागते, ती मिळवा किंवा स्वतःचे उतारे लिहा. आणि नोंदणी करताना मुलाचा फोटो मागता तो कशाला? २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. जे नको ते घेऊच नका.

*

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान मुलांना गणित शिकवायच्या खेळांची पेटी तिनं बनवली आणि कॉलेजच्या इनक्युबेटरमध्ये तिला जागा मिळाली. आता ती म्हणते, एक वर्ष गॅप घेते. तिचे बाबा बोलायचेच बंद झालेत. तुम्ही तिला समजवाल का?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मी तिला समजवणार नाही, तुम्हाला दोन प्रश्न विचारते. आजवर पेट्या किती विकल्या गेल्या? आणि कॉलेजला जाते म्हणून नेमकं कुठलं काम अडलं? दुसऱ्याचं उत्तर तिच्याकडे नसेल तर गॅपचं कारण गणिताची पेटी नाही, दुसऱ्या वर्षाचा एखादा पेपर आहे. दोन्हींची उत्तरं चोख असतील तर ऐका तिचं. वर म्हटलेल्या २०१९ च्याच धोरणात स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी कमी असली तरी संस्थेच्या परवानगीनं परीक्षेला बसू द्यावं असं आहे, सत्र किंवा वर्ष थांबून परत येण्याचीही सोय सुचवलीय. पण धोरण सुचवतं, लागू कॉलेज करतं. म्हणून पुन्हा प्रवेश मिळेल असं प्राचार्यांचं पत्र हातात आल्याशिवाय अर्ज देऊ नका. आणि बाबांना ती पेटी घेऊन शेजारच्या मुलांबरोबर तासभर बसवा. बोलतील.

*

प्रश्न : मी पॉलिटेक्निकला आहे, वय १७. इनक्युबेटरचे सर म्हणतात कंपनी काढ. मी डायरेक्टर होऊ शकतो का?
– डिप्लोमा विद्यार्थी, परभणी

उत्तर : नाही रे बाळा. संचालक व्हायला १८ पूर्ण लागतात, आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, व्यक्तीनं केलेला करारही कायद्यात टिकत नाही. तोवर कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येच काम चालू ठेव, वही घाल, कुणी किती दिलं-घेतलं ते तारखेसह लिही. वडिलांच्या नावानं कंपनी काढून पुढे बघू, असं सर म्हणाले असतील तर वडिलांना घेऊन एकदा सीएकडे जा. वाढदिवस कधी आहे, तेवढं कळव.