दीर्घिकासमूह तंतूंच्या गाठींवरच का?

प्रश्न : विश्वाच्या नकाशात मोठे दीर्घिकासमूह जाळ्याच्या गाठींवरच का दिसतात? काही लांबट पट्टे थेट आपल्याच दिशेने रोखलेले असतात, तेही तंतूच का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : विश्वात दीर्घिका लांबट तंतूंच्या जाळ्यासारख्या पसरल्या आहेत, आणि तंतू एकमेकांना मिळतात त्या जागा म्हणजे गाठी. द्रव्याचा ढग गुरुत्वाकर्षणाने आकसतो, पण तिन्ही दिशांनी सारखा नाही. एका दिशेने आधी दबतो आणि त्याची भिंत होते, दुसऱ्या दिशेने दबला की तंतू, तिसऱ्या दिशेने गाठ. सोव्हिएत शास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९७० मध्ये हे गणिताने मांडले. मात्र आधी तंतू आणि मग गाठ, असा सरळ क्रम धरू नका. दाट जागा मुळातच होत्या. अशा दोन जागांच्या ओढीत मधले द्रव्य ताणले जाऊन तंतू होतो आणि त्याच वाटेने नवे द्रव्य गाठीत उतरत राहते.

गाठीतल्या समूहाचे वस्तुमान सूर्याच्या शंभर ते हजार लाख कोटी पट भरते. त्यातले सुमारे ८५ टक्के कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे, फक्त गुरुत्वाकर्षणावरून कळणारे द्रव्य. उरलेल्यात बहुतांश वायू, तारे अगदी थोडे. सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने आत येणारा वायू आदळून एक ते दहा कोटी अंशांपर्यंत तापतो, म्हणून समूह क्ष-किरणांत उजळ दिसतात. आत शिरणाऱ्या दीर्घिकेचा स्वतःचा थंड वायू या तप्त वायूच्या दाबाने ओरबाडला जातो आणि तिथली ताऱ्यांची निर्मिती थांबते. मध्यभागी लालसर लंबगोल दीर्घिकांची दाटी असते, त्याचे हे एक मोठे कारण.

आपल्याकडे रोखलेले पट्टे तंतू नव्हेत. नकाशातले अंतर ताम्रसृतीवरून (दूर जाणाऱ्या दीर्घिकेचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो त्यावरून), म्हणजे वेगावरून काढतात. समूहातल्या दीर्घिकेचा स्वतःचा वेग त्यात सेकंदाला हजार किलोमीटरची भर घालत असेल, तर अंतर साडेचार कोटी प्रकाशवर्षांनी चुकते. समूहाची खरी रुंदी एक-दोन कोटींचीच! म्हणून गोल समूह लांबुळका दिसतो. अभ्यासक आधी समूहाचे सदस्य ओळखतात, दृष्टिरेषेवरचा पसारा त्याच्या आकाशातल्या रुंदीइतका आवळतात आणि मगच तंतू शोधतात. ही पायरी गाळली, तर खोटे तंतू हाती लागतात.

प्रश्न : पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी शोधलेला ‘सरस्वती’ हा असाच समूह आहे का? दुर्बिणीतून दिसेल का?

उत्तर : तो महासमूह, म्हणजे अनेक समूहांची मोठी रचना आहे. आयुका आणि आयसर या पुण्यातल्या संशोधन संस्थांच्या संशोधकांनी २०१७ मध्ये जाहीर केलेली ही रचना मीन राशीच्या दिशेने सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर असून तिचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. तिच्यात निदान ४३ समूह आहेत. त्यांपैकी एबल २६३१ या समूहाभोवतीचा गाभा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला असावा. एवढा सगळा पसारा मात्र एका समूहात कोसळणार नाही, विश्वाचे प्रसरण त्याला पांगवत राहील.

घरच्या दुर्बिणीसाठी तो फार दूर आहे. त्याऐवजी एप्रिलमध्ये अमावास्येच्या आसपास शहराबाहेर अंधाऱ्या जागी सहा-आठ इंची दुर्बीण लावा आणि कन्या समूहातल्या एम ८४ व एम ८६ या दीर्घिका शोधा. हा समूह सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि एकूण आपल्यापासून दूर जातो आहे, पण त्यातली एम ८६ सेकंदाला सुमारे २४० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. ताम्रसृतीवरून तिचे अंतर काढायला गेलात, तर उत्तर उणे येईल.