पतंग मारत बसू नका, अळ्यांचं मूळ शोधा

पिठाचे सगळे डबे धुतले, फवारा मारला, तरी संध्याकाळी बारके पतंग उडतात आणि भिंतीवरून छताकडे अळ्या चढतात, असं तुम्ही लिहिलंय. पंख अंगाजवळ फिकट राखाडी आणि टोकाकडे तांबूस तपकिरी, म्हणजे हा बहुधा प्लोडिया इंटरपंक्टेला, इंडियन मील मॉथ, साठवलेल्या कोरड्या खाद्यपदार्थांत होणारा पतंग. कपड्यांची काळजी नको, ते खाणारे पतंग वेगळे.

मोठा झालेला पतंग काहीच खात नाही. तो थोडे दिवस जगतो, जोडी जमवतो आणि मरतो. नासाडी करते ती अळी. एक मादी 100 ते 400 अंडी घालते आणि अंड्यातून निघालेली अळी इतकी बारीक असते की सैल झाकणाच्या फटीतूनही आत शिरते. छताशी दिसणारी अळी मात्र पोटभर खाऊन कोष करायला निघालेली असते. ती दिसते तिथे तिचं अन्न नसतंच, म्हणून छताचे कोपरे कितीही पुसले तरी मूळ तसंच राहतं.

पिठावरच थांबू नका. सुका मेवा, शेंगदाणे, मसाले, चॉकलेट, बियाणं, पक्ष्यांचे दाणे, कुत्र्यामांजरांचं कोरडं खाद्य, शोभेची सुकी कणसं, सगळं काढा. माझ्या अनुभवात मूळ बहुतेक वेळा मागे सरकलेल्या, विसरलेल्या पाकिटातच सापडतं. पाकीट न उघडलेलं असलं तरी सोडू नका, पातळ प्लास्टिक या अळ्या कुरतडतात. उजेडात धरून बघा: दाणे धाग्यांनी चिकटून गुठळ्या झाल्या असतील, कोपऱ्यात जाळी असेल, तर ते लगेच बांधून घराबाहेर टाका.

नुसता संशय असलेलं सामान उणे 18 अंशांवर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग रबरी कडीच्या काचेच्या बरणीत भरा. फळ्यांची भोकं, बिजागऱ्या, सांधे व्हॅक्यूमने ओढून घ्या, कोष तिथेच असतात. अन्नाजवळ फवारा कृपया मारू नका. कोषातल्या किड्यापर्यंत तो नीट पोचत नाही आणि औषध जेवणात जाण्याची भीती राहते.

फेरोमोनचा, म्हणजे मादीच्या वासाने नराला ओढणारा, चिकट सापळा जरूर लावा, पण त्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे तेवढ्याने कीड संपत नाही. त्याचा खरा उपयोग पहाऱ्याला. 30 अंशांच्या आसपास अंड्यापासून पतंग व्हायला साधारण 4 आठवडे लागतात, थंडीत कित्येक महिने. म्हणून पतंग दिसेनासे झाले तरी सापळा निदान 3 महिने राहू द्या, आणि तो पुन्हा भरू लागला तर आधी त्याच्या आसपासची कपाटं रिकामी करून बघा.