सरासरी भरली मग पीक कसं गेलं? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या हवामान बदल अहवालाबद्दल थोडं लिहिलं होतं, पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांनी केलेला, आपल्या देशापुरता असा पहिलाच मोठा आढावा. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले, जवळपास सगळे मराठवाड्यातनंच. जागेपुरते पाच घेतलेत.

प्रश्न: सर, दरवर्षी बातमी येते की मराठवाड्यात पावसाची सरासरी भरली. आमचं सोयाबीन फुलात असताना वीस दिवस पाण्याचा टिपूस नव्हता, जे वाचलं ते कापून बनीम (गंजी) लावली तर ती बनीमच पाण्यात गेली. मग सरासरी भरली म्हणजे काय भरलं? (शेतकरी, ता. परंडा)

दादा, सरासरी भरते ती कागदावर, पिकाला पाऊस लागतो तो वाटून. समजा तुमच्याकडं चार महिन्यात 600 मिलिमीटर पाऊस पडतो, तोच एका साली 40 दिवसात थोडा थोडा पडला आणि दुसऱ्या साली 20 दिवसात बदाबदा पडला तर रजिस्टरला दोन्ही साली आकडा एकच, पण पहिल्या साली विहिरीला पाणी आणि दुसऱ्या साली नाल्याला पूर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी साधारण 4 हजार लिटर पाणी, म्हणजे एका रात्रीत 150 मिलिमीटर झाला तर तुमच्या एका एकरावर 6 लाख लिटर पाणी येतं. काळी जमीन असो का मुरमाड, एका रात्रीत एवढं पाणी पिणारी जमीन कुठं असते सांगा.

त्या अहवालात यावर दोन आकडे आहेत ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. 1951 ते 1980 च्या मानानं 1981 ते 2011 या काळात पावसाळ्यातले खंड 27 टक्क्यांनी जास्त वेळा पडले. आणि मध्य भारतात दिवसाला 150 मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याचे प्रसंग 1950 ते 2015 मध्ये साधारण 75 टक्क्यांनी वाढले. खंड पण वाढला आणि धो धो पण वाढला, तुमच्या सोयाबीननं एकाच हंगामात दोन्ही बघितलं. कारण तसं सरळ आहे, हवा एक डिग्रीनं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, मग ढगाला पाडायची संधी मिळाली की तो जास्तीचं सगळं एकदम टाकतो.

पण एक लक्षात घ्या, हे आकडे देशाचे आणि मध्य भारताचे आहेत, परंड्याचे नाहीत. ते उचलून कोणी "परंड्यात 75 टक्के वाढ" असं भाषणात सांगितलं तर तिथंच थांबवून विचारा की हा आकडा कुठल्या भागाचा, कुठल्या वर्षांचा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये तुमच्याच भूम-परंड्याकडं सीना नदीच्या पुरात गावं अडकली, दहा वर्षाच्या आत दोन्ही टोकं. ती दोन्ही टोकं ज्या आकड्यात दिसत नाहीत त्या आकड्यावर पेरणीचा का मदतीचा निर्णय घ्यायचा हे मला पटत नाही.

प्रश्न: तुमच्याच लेखात एका ठिकाणी 1951 पासून मान्सूनचा पाऊस कमी झाला असं होतं आणि पुढं लिहिलं की तो वाढणार आहे. वर्गात मुलांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. (शिक्षिका, लातूर)

ताई, चांगलं झालं मुलांनी पकडलं, कारण मी तिथं फार घाईत लिहिलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1951 ते 2015 मध्ये देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस साधारण 6 टक्क्यांनी घटला, त्यातही घट ठळक दिसते ती गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात. आता कारण बघा. कारखाने, गाड्या, चुली, पालापाचोळा जाळणं यातून हवेत बारीक कण जातात, ते सूर्याचं ऊन अडवतात, जमीन पाहिजे तशी तापत नाही. आणि मान्सूनचं सगळं गणित जमीन समुद्रापेक्षा जास्त तापण्यावर आहे, तो फरक कमी पडला की वाऱ्याचा जोर कमी होतो. त्याच काळात कार्बन डायऑक्साइडसारखे वायू हवा आणि समुद्र तापवून वाफ वाढवत होते, म्हणजे एक बैल पुढं ओढतोय आणि दुसरा मागं. मागची साठ-पासष्ट वर्षं मागं ओढणाऱ्याचा जोर जास्त राहिला. हे धुराचे कण पावसानं काही दिवसात धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं टिकतो, त्यामुळं पुढं हवा स्वच्छ होत गेली तर पुढं ओढणाराच जिंकणार. म्हणून हवामानाची मॉडेल, म्हणजे संगणकावर मांडलेली हवेची गणितं, सांगतात की या शतकात मान्सूनचा पाऊस वाढेल आणि त्याचा लहरीपणाही वाढेल.

मुलांना एक अजून सांगा, पश्चिम घाटात घट झाली ती आपल्याला लांबची वाटते पण तशी नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, जायकवाडी भरतं ते नाशिक-नगरकडच्या पाण्यावर. पैठणला आभाळ फाटलं तरी वर पाऊस नसेल तर जायकवाडीचा नाथसागर भरत नाही. म्हणून मराठवाड्याचा अभ्यास आठ जिल्ह्यांची हद्द आखून करता येत नाही, नदीचं खोरं धरूनच करावा लागतो, आणि पाण्याच्या वाटपाचे नियम करणाऱ्यांनी तर हे आधी बघायला पाहिजे.

प्रश्न: एल निनो आला की आपल्याकडं दुष्काळ पक्का का? (नांदेड)

पक्का नाही. एल निनो म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापणं. 2015 ला एल निनो होता आणि देशात मान्सून 14 टक्के कमी पडला, पण 1997 चा एल निनो त्याच तोडीचा जबर होता आणि त्या साली देशाचा मान्सून सरासरीच्या थोडा वरच राहिला. धोका वाढतो एवढंच. एल निनोची बातमी आली की चाऱ्याचं आणि कमी पाण्याच्या पिकाचं नियोजन करा, पेरणी मात्र तुमच्या रानातला ओलावा बघूनच.

प्रश्न: मी बीएस्सी अॅग्रीला आहे. 2050 ला माझ्या गावात किती पाऊस पडेल हे मॉडेल का सांगू शकत नाही? मोबाईलवर तर गावाचा अंदाज येतो. (परभणी)

मोबाईलवर येतो तो पुढच्या काही दिवसांचा अंदाज, आजची हवा माहीत असते त्यावरून पुढं काढलेला. मे 2025 पासून आपल्याकडं 6 किलोमीटरच्या ग्रिडवर (नकाशावर पाडलेल्या चौकोनांवर) चालणारी भारत फोरकास्ट सिस्टिम आलीय ती त्यासाठीच. 2050 चं काम वेगळं आहे, तिथं अमुक तारखेचा पाऊस सांगत नाहीत, तिथं तीस वर्षांचा स्वभाव सांगतात.

आता ग्रिडचं बघ. जागतिक मॉडेलचा एक चौकोन शंभर-दीडशे किलोमीटरचा असतो, त्यात सह्याद्रीचा कडा सपाट होऊन जातो, आणि सह्याद्रीच सपाट झाला तर त्याच्या पलीकडं पर्जन्यछायेत असलेला मराठवाडा त्या मॉडेलला दिसणार कसा? म्हणून दक्षिण आशियासाठी कॉर्डेक्स नावाच्या प्रकल्पात आयआयटीएमनं 50 किलोमीटरच्या चौकोनावर तेच गणित बारीक केलं. 50 गुणिले 50 म्हणजे अडीच हजार चौरस किलोमीटर, मराठवाडा साधारण 64 हजार, म्हणजे सगळा मराठवाडा मिळून पंचवीस-सव्वीस चौकोन आणि लातूर जिल्हा जेमतेम तीन. तुझं गाव त्या चौकोनातला एक ठिपका आहे. चौकोन बारीक केला म्हणून खात्री वाढत नाही हेही ध्यानात ठेव. तापमानाबद्दल शास्त्रज्ञ ठाम आहेत, 1901 ते 2018 मध्ये देश 0.7 डिग्रीनं तापला, आणि जगात कार्बन डायऑक्साइड असाच ओकत राहिलो तर शतकाच्या शेवटी 1976 ते 2005 च्या मानानं 4.4 डिग्रीपर्यंत वाढ. पावसाबद्दल खात्री मध्यम, आणि जागा जितकी लहान तितकी ती कमी. मूळ अहवालात प्रत्येक वाक्यापुढं ही खात्री लिहिलेली असते, पण त्याची एक पानाची प्रेसनोट झाली की सगळ्यात आधी तीच गळते आणि मग मंत्रालयापासून ग्रामसभेपर्यंत सगळे एकच आकडा घेऊन भांडतात. तुला या क्षेत्रात काम करायचं असेल तर हे गळणं थांबव, याची फार गरज आहे.

प्रश्न: मी सरपंच आहे. विकास आराखड्यात हवामान बदल म्हणून आम्ही दरवर्षी झाडं लावणं लिहितो. अजून काय लिहावं? दुसरं म्हणजे आमच्या महसूल मंडळाचा पर्जन्यमापक दहा-बारा किलोमीटरवर आहे, मागं त्यानं दिवसाचे 58 मिलिमीटर दाखवले आणि आमच्या शिवारात बांध फुटले, 65 न भरल्यानं अतिवृष्टीच्या मदतीत गाव बसलं नाही. माझ्या सासऱ्यांनी 1989 पासून रोजचा पाऊस वहीत लिहिलाय, त्याचा काही उपयोग आहे का? (जि. हिंगोली)

सरपंच ताई, झाडं लावाच. पण कृषी विभागाच्या महारेन या वेबसाईटवर मंडळाचा रोजचा पाऊस मिळतो, तो काढा आणि बेरीज न बघता तीन गोष्टी बघा: दरसाली एका दिवसात सगळ्यात जास्त किती पडला, जुलै-ऑगस्टमध्ये सलग किती दिवस कोरडे गेले, आणि अडीच मिलिमीटर किंवा त्याच्यावर पाऊस झालेले दिवस किती. मग गावातल्या नळकांडी पुलाजवळ आणि शेततळ्याच्या सांडव्याजवळ उभं राहून इंजिनिअरला विचारा की हा एका दिवसाच्या किती पावसाला धरून काढलाय आणि तो आकडा कुठल्या सालापर्यंतचा. जुना असेल तर नवीन डिझाईन मागा, हे आराखड्यात लिहा. पाण्याचा ताळेबंद लिहा, आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे, पाणी साठतं ते फटीत आणि मुरमात, त्यामुळं एका पावसाळ्याचं पाणी दोन उन्हाळे पुरत नाही. रोजगार हमीच्या कामाची वेळ एप्रिल-मे मध्ये पहाटेची करा, हेही हवामान बदलाचंच काम आहे.

58 आणि 65 चं दुःख कळतं मला. एका मापकावर दहा-बारा किलोमीटरचा न्याय लावणं चुकीचं आहे, कारण आताचा पाऊस या शिवारात आणि त्या शिवारात वेगळा पडतो. वहीमुळं जुनी मदत मिळेल असं मी म्हणणार नाही पण मापक वाढवून मागताना तुमच्या हातात तेवढा भक्कम कागद दुसरा नाही.

ती वही तर सोनं आहे. आधी मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, मग परभणीच्या कृषी विद्यापीठात हवामानाचं काम करणाऱ्यांना नाहीतर तुमच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. ते विचारतील त्या गोष्टी आत्ताच सासऱ्यांकडून लिहून घ्या: कशात मोजत होते (सरळ उभ्या कडेचा डबा असेल तर उत्तम, खाली निमुळता असेल तर आकडे दुरुस्त करावे लागतात), सकाळी किती वाजता, हवामान खातं साडेआठला मोजतं, आणि डबा कुठं ठेवायचे. तुम्ही पत्रात लिहिलंय की डबा अंगणात चिंचेजवळ असतो. चिंच मोठी होत गेली तसा डब्यात पडणारा पाऊस कमी होत गेला असणार, आणि वही बघणाऱ्याला वाटेल गावचा पाऊसच घटला. तेव्हा डबा आता उघड्यावर हलवा, हलवल्याची तारीख लिहा, आणि चिंच कुठल्या साली लावली ते सासऱ्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.